वर्गात वाचू नये

शनिवारी साडेअकराला शाळा सुटायची. पोरं दप्तरं पाठीला मारून उताराने धावत सुटायची आणि दहा-बाराजण मात्र नववीच्या वर्गात मागे राहायचे, वाद घालायला. पंखा बंद, खिडक्या उघड्या, समोरच्या वाळूत सुकत घातलेल्या बांगड्यांचा वास, आणि मध्येच कुणाची तरी आई मुलीला न्यायला दाराशी येऊन विचारायची, "मास्तरानू, आमच्या चेडवाक कधी सोडतलात? घराकडे जेवण निवता." त्या शनिवारांची आठवण झाली की मला आजही भूक लागल्यासारखं होतं. तीस वर्षांच्या नोकरीत मी इतक्या आनंदात दुसरं काही शिकवलं नाही. आणि इतकं वाईटही कधी वागलो नाही.

माझं गाव मालवणपासून आत, देवळाचं. घरात तीन पिढ्या मास्तरकी. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात. एक जाणता हात जोडून उभा राहतो, "बा देवा म्हाराजा" अशी सुरुवात करून सगळ्यांच्या वतीने देवाला सांगतो, आणि दर वाक्याला भोवतीची माणसं म्हणतात, "व्हय म्हाराजा". सांगणाऱ्याने दुसऱ्याचं दुखणं नीट सांगितलं तरच तो हुंकार मनापासून येतो. लहानपणी मी हे पाहिलं होतं, तेच वर्गात आणलं. नियम एकच होता. समोरच्याला उत्तर देण्याआधी त्याचं म्हणणं आपल्या तोंडाने, गाऱ्हाण्याच्या सुरात सांगायचं. तो "व्हय म्हाराजा" म्हणाला तरच पुढे बोलायचं. "नाय म्हाराजा" म्हणाला तर पुन्हा पहिल्यापासून.

पोरांना हे फार आवडलं. घरकाम मुलग्यांनी करावं की नाही, यावर एकदा जुंपली होती. एक उंच मुलगा हात जोडून म्हणाला, "बा देवा म्हाराजा, ही म्हणता, झिलग्यांनी घरातली सगळी भांडी घासूक होयी."

"नाय म्हाराजा!" मुलगी ओरडली. "मी म्हटलंय, जेवलो त्याने आपला ताट घासूचा. सगळी भांडी तुका कोण देतलो? फोडून ठेवशीत!"

वर्ग हसून लोळला. त्या मुलाला चार वेळा गाऱ्हाणं घालावं लागलं. चौथ्या वेळी तिने हुंकार दिला तेव्हा तो घामाघूम झाला होता, आणि वाद जवळजवळ मिटलाच होता. समोरच्याचं नीट सांगता सांगता आपला ताठा कमी होतो, हे मी त्या पोरांकडूनच शिकलो.

ती मुलगी वर्गातली सगळ्यात चांगली वक्ती. किनाऱ्यावरच्या वाडीतली, आवाज खणखणीत, आणि रागावली तरी समोरच्याचं वाक्य न मोडता ऐकणारी. कणकवलीला तालुक्यातालुक्यांच्या शाळांची वादविवाद स्पर्धा व्हायची. त्या वर्षी करंडक आपल्याकडे येणार, असं मी शिक्षकांच्या खोलीत सांगून ठेवलं होतं. हे मुद्दाम लिहितो. पुढे जे झालं त्यात या करंडकाचा वाटा आहे.

विषय होता, पर्ससीनच्या बोटींवर बंदी हवी की नको. शाळेजवळच्या त्या वाडीची मासेमारी रापणीची. जाळं होडीने समुद्रात अर्धगोल सोडायचं आणि दोन्ही टोकांनी सगळ्या गावाने किनाऱ्यावरून ओढायचं. दोरीला हात लावणाऱ्याला मासळीचा वाटा मिळतो, म्हातारी असो की शाळेतलं पोर. पर्ससीनच्या मोठ्या बोटी बाहेरच्या बाहेर माशांचे थवेच्या थवे उचलतात, मग रापणीत येतो नुसता गाळ. त्यामुळे वाडीत या बोटींचं नाव काढणंही शिवी दिल्यासारखं.

स्पर्धेआधी मी मुलांना निबंध लिहायला सांगितला : या विषयात तुम्हाला बोलायला अवघड वाटणारी गोष्ट. त्या मुलीने दोन पानं लिहिली. तिचे वडील रत्नागिरीच्या बाजूला बर्फाच्या कारखान्यात आहेत असं वाडीत सगळ्यांना माहीत होतं. ते खरं नव्हतं. ते एका पर्ससीनच्या बोटीवर खलाशी होते. रापणीवर घर चालेना म्हणून गेले होते. "आई दोरी ओढायला जाते तेव्हा मी किनाऱ्यावर जात नाही," असं तिने लिहिलं होतं. आणि खाली, अधोरेखित करून : "सर, वर्गात वाचू नये."

मी लाल शाईने "अतिशय प्रामाणिक" असा शेरा दिला आणि वही परत केली.

सरावाचा वाद शाळेच्या पडवीत ठेवला. नववी-दहावीची मुलं होती, तीन-चार पालक होते, त्यात रापणीचा हिशेब बघणारे एक वयस्क गृहस्थही होते. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरायची. तिच्या वाट्याला बोटींची बाजू आली. मी तेव्हाच चिठ्ठी बदलायला हवी होती. पण मला वाटलं, हिच्याइतकी ही बाजू कोण मांडणार?

तिने ती मांडलीच नाही. खाली बघत, पाठ केल्यासारखी चार वाक्यं बोलली. समोरच्या मुलाने तिला अगदी सोपं करून दिलं, तरी तिने ते उचललं नाही. पालक एकमेकांकडे बघू लागले. मला करंडक हातचा जाताना दिसला. त्याहून वाईट म्हणजे, मला एका मोठ्या विचाराचा उमाळा आला. मी उभा राहिलो आणि गाऱ्हाण्याच्याच सुरात म्हणालो, "त्या बोटींवरही आपलीच माणसं आहेत. हिचे वडीलसुद्धा तशाच बोटीवर आहेत. त्यांचंही ऐकायला नको का?"

पालकांच्या माना तिच्याकडे वळल्या. आणि समोरच्या त्या मुलाच्या तोंडून, केवळ सवयीने, निघून गेलं, "व्हय म्हाराजा."

सगळे हसले. हसण्यात दुष्टपणा नव्हता, पोरंच ती. ती मात्र हसली नाही. तिने हातातला कागद चार घड्या करून मुठीत धरला आणि जागेवर जाऊन बसली. वयस्क गृहस्थ उठून निघून गेले.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. मी म्हणालो, दहावी जवळ आली, अभ्यास असेल. शिक्षकांच्या खोलीत म्हणालो, मुली मोठ्या झाल्या की बोलायला लाजतात. खोटं बोलणं इतकं सोपं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. तिची आई रापणीला जायची बंद झाली. तिला कुणी जा म्हटलं नाही, कुणी ये म्हटलं नाही. आणि ती मुलगी आणखी दीड वर्ष रोज माझ्यासमोरून वर्गात जात होती, "नमस्कार सर" म्हणत होती. त्या दीड वर्षात मला दोन शब्द बोलता आले नाहीत. मुलांना दुसऱ्याचा मान राखायला शिकवणारा मी!

वर्ग पुढे चालू राहिला, अजून आहे. कुणाच्या घरचं आपण काढायचं नाही, हा दुसरा नियम मी त्यात घातला. का घातला, ते कधी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी कणकवलीच्या स्टँडवर ती भेटली. आता तिथल्याच एका ऑफिसात आहे. तिची मालवणची गाडी लागायची होती. तिनेच हाक मारली.

"सर, केस पिकले की तुमचे!"

"तू अजून बोलतेस का गो?" मी विचारलं. दुसरं सुचलंच नाही.

"बोलते म्हणजे? ऑफिसात मला गप्प करायला दोन माणसं लागतात."

मग मी बोललो. बारा वर्षांचं सगळं, स्टँडच्या त्या गोंगाटात, अडखळत. तिने ऐकून घेतलं. मध्ये तोडलं नाही, तिची सवयच ती.

"सर, तुम्ही बोललात ते खोटं नव्हतं," ती म्हणाली. "पण ते माझं होतं. मी कधी ना कधी सांगितलं असतं." गाडी लागली तशी पिशवी उचलून म्हणाली, "माझं राहू दे. बाबा आता घरीच असतात. त्यांच्याकडे जा."

जायला मला पाच महिने लागले. वडील घरापुढच्या खळ्यात खुर्ची टाकून बसले होते. गुडघे गेलेत. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

"मास्तरानू," ते म्हणाले, "त्या बोटीर बारीक मासो कसो मरता, तां मी माझ्या डोळ्यांनी बघितलेला. आणि थय गेल्याशिवाय आमची चूल कशी पेटणा नाय, तांव माका ठाऊक होता. शिमग्याक येतलंय, वाडीच्या सभेत उबो रवान दोनी सांगतलंय, असा मी ठरवलेला. तुमी आधीच सांगून मोकळे झालात. मगे माझा कोण ऐकतलो?"

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"चुकलाच." मग आत बघून, "चाय टाक गो, मास्तर इलेत."

चहा निवला तरी ते बोलत होते. बोटीवरचं, जाळ्याचं, मालकाचं, वाडीतल्या माणसांचं. त्या सभेत जे बोलायचं होतं ते बहुतेक सगळं. ऐकणारा मी एकटाच. मी काही विचारलं नाही, काही जोडलं नाही. निघताना त्यांनी मला पुन्हा या म्हटलं नाही. दारापर्यंत मात्र आले, काठी टेकत.

हे लिहून झाल्यावर मी ते तिला पाठवलं आणि विचारलं, छापायला देऊ का? आठवड्याने कागद परत आले. दोन ठिकाणी तिने माझ्या आठवणीतली चूक सुधारली होती. आणि एका जागी, वडिलांच्या बोलण्यातल्या सहा ओळी पेनने पूर्ण खोडल्या होत्या. कारण लिहिलं नव्हतं. मी विचारलंही नाही. त्या ओळी इथे नाहीत.