शिरोरेघेची बाजू

मुलीच्या बारशाला चांदीची वाटी घ्यायची होती आणि तिच्यावर नाव मराठीतच हवं, असा माझा हट्ट. मनामाच्या बाजारात नक्षी कोरणारा एक म्हातारा बहरीनी बसायचा. मी नाव लिहून दिलं, तर त्यानं कागद उलटसुलट करून पाहिला आणि बाजारातल्या मोडक्या हिंदीत विचारलं, "ऊपर किधर?"

मी शिरोरेघ दाखवली. सांगितलं, आमची अक्षरं हिच्याखाली लटकतात. त्याला हसूच आलं. त्यांची अरबी अक्षरं म्हणे रेघेवर बसतात.

वाळू भरलेल्या चामड्याच्या गादीवर त्यानं वाटी टेकवली. कोरणीची लाकडी मूठ तळव्यात, टोक चांदीवर. मला वाटलं, आता याचा हात वळणं घेईल. पण हात जागचा हलेना! वळण आलं की दुसऱ्या हातानं तो वाटीच फिरवायचा, आणि कोरणीपुढे चांदीची केसासारखी तार सुटत जायची. मी वाकून पाहिलं, तर त्याच्या बाजूनं शिरोरेघ खाली आणि अक्षरं वर. मी ओरडलेच, "अरे चाचा, उल्टा हो गया!"

"यल्ला, देखो," म्हणत त्यानं वाटी माझ्याकडे फिरवली. नाव अगदी सुलट होतं. जिथे वस्तूच फिरते, तिथे कसलं वर आणि कसलं खाली!

पुढे मुलगी इंग्रजी शाळेत जायला लागली. एकदा मनामातल्याच माहूज भागातल्या आमच्या घरी मी कौतुकानं वाटीवरचं तिचं नाव तिला वाचायला दिलं. तिनं वाटी बराच वेळ फिरवून पाहिली. मग म्हणाली, "आई, विच साइड इज अप?"