आवाज कमी करायचं बटण

मुलाने नवा रिमोट आणला आहे. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, गाण्यांचं मशीन, सगळं त्या एकावरच चालणार. पण आधी त्याला शिकवावं लागतं म्हणे. मुलाने जुना आणि नवा रिमोट टेबलावर समोरासमोर ठेवले. आधी नव्याचं बटण दाबायचं, मग जुन्याचं तेच. लेकराला घास भरवावा तसं चाललं होतं.

एका बटणावर अडलं. जुन्याचं ते बटण पार झिजून आत गेलेलं.

"आई, लोकांचं आवाज वाढवायचं बटण झिजतं. आपल्याकडे कमी करायचं! बाबा मूकपट बघायचे की काय?"

सून हसली. मीही हसले.

ह्यांना जाऊन वर्ष होत आलं. माझा आवाज पहिल्यापासून बारीक, चार माणसांत फुटतच नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिले, की ह्यांचा अंगठा त्या बटणावर जायचा. "हं, बोल," म्हणायचे. मला सांगायचं तरी काय असायचं? दूध नासलं, शेजारीण माहेरी गेली. तेवढ्यासाठी बातम्या गप्प व्हायच्या.

शेवटी मुलाने नखाने दाबून तेही बटण शिकवलं. नव्याला आता आवाज कमी करता येईल. कधी करायचा, ते कोण शिकवणार?

नवा चालतो का बघायला त्याने टीव्ही मोठ्याने लावला आणि जुना रिमोट कचऱ्याच्या पिशवीत टाकला. "राहू दे तो माझ्याकडे," मी दारातून म्हटलं. कोणाला ऐकू गेलं नाही.