दिगूची बरोबरची खूण

शनिवारी सकाळी बूट चढवत होतो, तेवढ्यात सुनंदावहिनींचा फोन आला. "भावजी, आज फिरायला येऊ नका... हे गेले हो." इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरमध्ये, दर शनिवारी दिगूबरोबर चालायचं, ही आमची पंचवीस वर्षांची सवय. दिगूने नोकरी विमा कंपनीत केली, पण माणूस हाडाचा गणिती. हातात सदैव पेन्सिल. जे पडताळून पाहिलं त्याच्या बाजूला बारीकशी बरोबरची खूण करायचा. माझ्या ईराच्या गृहपाठावर, मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या प्रुफांवर, अगदी वहिनींच्या वाणसामानाच्या यादीवरसुद्धा.

आमच्या गप्पांत तिसरा असायचा तो फ्रेंच गणिती. तरुणपणी तो आणि दिगू इथल्याच विद्यापीठात एका खोलीत बसत. पुढे त्याने एक प्रमेय सिद्ध केलं आणि त्याचं नशीबच फळफळलं. टीव्हीवर मुलाखती, मासिकांच्या मुखपृष्ठांवर ते विस्कटलेले केस, भाषणांना रांगा. ज्यांना पाढे येत नाहीत तेही त्याच्याबरोबर सेल्फी काढत. दिगू म्हणायचा, "त्यातली मधली पायरी माझी आहे, यार. साधं नाव नाही घेतलं कुठे." त्या माणसाचं आत्मचरित्र आलं तेव्हा दिगूने स्वतःची प्रत मला वाचायला दिली. "बघ, सापडतो का मी." नाही सापडला. मी चिडून अख्ख्या मंडळात सांगत सुटलो.

मग ईराला पीएचडीसाठी त्याच माणसाने बोलावलं. पोरीचे पाय जमिनीवर नव्हते. मी म्हटलं, चोराच्या हाताखाली माझी मुलगी शिकणार नाही. ती रडली, भांडली, शेवटी जेवायला आलेल्या दिगूकडे वळली. "काका, यू टेल हिम. इज ही रिअली दॅट बॅड?" दिगू खाली मान घालून भात कालवत राहिला. ईराने नकार कळवला. आज ती शॉमबर्गला सॉफ्टवेअर कंपनीत आहे, गणिताचं नाव काढत नाही.

तेराव्यानंतर वहिनींनी पुस्तकं आवरायला बोलावलं. दिगूच्या जुन्या फाइलमध्ये त्या आत्मचरित्राचं एक पान निघालं, ब्लेडने कडेला नीट कापलेलं. त्यावर लिहिलं होतं की मधली पायरी सुचली ती दिगंबर साठ्ये या मित्राला. "मी शोधनिबंधात त्याचं नाव घालणार होतो, पण त्याला सिद्धता कच्ची वाटली, म्हणून त्यानेच घालू दिलं नाही." डावललेला माणूस म्हणून आमच्यात मिळणारा मान त्याला सोडवला नसेल, हे मी समजू शकतो. पण माझ्या मुलीचा प्रश्न होता रे, दिगू... तेव्हा तरी तोंड उघडायचंस. फसवलंस मला.

ईराला पानाचा फोटो पाठवला. दोन दिवसांनी तिचा फोन आला. "काका खोटं बोलले, बाबा. पण यू नेव्हर चेक्ड."

ते पान माझ्या टेबलावर आहे. फाडून टाकायला हात होत नाही. दिगूचं नाव असलेल्या ओळीशेजारी, समासात, पेन्सिलीने केलेली बारीकशी बरोबरची खूण आहे.