अप्पांना न दिसलेले सहा ठिपके

चामराजपुरममध्ये माझ्या वडिलांचं, अप्पांचं, शिवणकामाचं दुकान होतं. आमच्या प्रयोगशाळेला हवा असलेला जाड काळा पडदा त्यांनीच शिवला, आणि लावायलाही स्वतः आले. पडदा ओढून मी लेसर चालू केला. तापवलेल्या काचेच्या नळीत सोडियमची वाफ, तिच्यातून जाणारा पिवळा किरण, पलीकडे आरसा. आरशावरून परतलेला उजेड त्याच वाफेतून पुन्हा गेला की एका ठिपक्याची नक्षी व्हायला हवी होती. दीड वर्ष ती होत नव्हती. त्या दुपारीही समोर धरलेल्या कागदावर एकच ठिपका पडला.

"एवढंच, पुट्टी?" कन्नडात लहान मुलीला म्हणतात तसं ते मला म्हणत.

"होईल, अप्पा. झालं की बोलावते."

मग रोज जेवताना विचारत, "आज दिसलं का?" एकदा मी चिडून म्हणाले, "तुम्हाला त्यातलं काय कळतं?" त्यांनी विचारणं सोडलं.

उन्हाळ्यात त्यांना दम लागू लागला. दुकान बंद करून ते बन्नूरला आत्याकडे राहायला गेले. त्यानंतर महिन्याभरात, एका सकाळी, आरसा केसभर हलवला आणि ठिपक्याभोवती सहा पिवळे ठिपके उमटले. गोल, सारख्या अंतरावर. पातळ कागद धरून मी ते पेन्सिलीनं उतरवून घेतले आणि बन्नूरची बस पकडली.

अप्पांनी कागद खिडकीपाशी धरला. अंगठ्याच्या नखानं एकेक अंतर मोजलं.

"सारखं आहे, अल्वा, हो ना? कोणी आखलं?"

"कोणी नाही. उजेड आणि वाफ, दोघांनी मिळून."

"रंग कसा होता?"

मी हळद म्हणाले, झेंडू म्हणाले. दोन्ही खोटं वाटलं. आमचं घरातलं मराठी तोकडं, आणि कन्नडातही शब्द मिळेना.

"राहू दे," ते म्हणाले. "बरा झालो की येतो. मीच बघेन."

मला माफी मागायची होती. बसची वेळ झाली म्हणून उठले.

ते आले नाहीत. दिवाळीआधी गेले.

ती नक्षी मी नंतर कितीदा पाहिली. अजूनही ती उमटली की मी नकळत बाजूला सरते, कुणाला वाकून बघता येईल इतकी. विद्यार्थ्यांना वाटतं, त्यांच्यासाठीच सरले. ते पुढे होतात, आणि मी त्यांना बघू देते.