उजवी बाजू

“पाहून घेईन मी,” असं आमच्या बाई म्हणायच्या आणि पदर ओढून कमरेला घट्ट खोचायच्या. तपासणीला आलेले साहेब असोत की दुधात पाणी घालणारा गवळी, सगळ्यांना हेच. आमच्या वऱ्हाडी मालेगावच्या मुलींच्या शाळेत मी त्यांच्या हाताखाली शिक्षिका म्हणून लागले. ही धमकी त्यांनी खरी केलेली मात्र कधी पाहिली नव्हती.

आणीबाणी उठली त्या साली त्यांच्या उजव्या स्तनात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन होऊन स्तन काढावा लागला. नवरा तहसिलीत कारकून. तो दवाखान्यात एकदाच आला, तोही खाटेपासून लांब उभा राहिला.

जखम भरल्यावर दाखवायला मी सोबत गेले. डॉक्टर म्हणाले, कापडाची पिशवी भरून पोलक्यात घाला, नाहीतर मुंबईहून रबराचा तयार स्तन मागवा. आणखी एक होतं. मुंबईत पोटाचं मांस-कातडं हळूहळू वर घेऊन नवा स्तन घडवतात. तीन-चार ऑपरेशनं लागतात, नवऱ्याची सही लागते.

एसटीत बाई हळूच म्हणाल्या, “आंग धुताना खाली पाहावं वाटत नाई वं. मले मुंबईचंच करायचं हाय.”

नवऱ्यानं सही दिली नाही. “आता कोन पाहून राह्यलं तुले?” एवढंच म्हणाला.

मी मोहरी भरून एक पिशवी शिवून दिली. वजन बरोबर जमलं होतं. बाई ती घालून वर्गावर जाऊ लागल्या.

दोन महिन्यांनी धनज गावच्या एका शिक्षिकेनं निरोप धाडला: बाईंचा नवरा बायको वारली असं सांगून रविवारी तिथं मुलगी पाहायला येतोय.

त्या रविवारी बाईंनी मला सोबत घेतलं. निघताना पिशवी काढून ठेवली. धनजला पोचलो तेव्हा नवरा ओसरीवर पोहे खात होता. बाई थेट मुलीच्या आईसमोर उभ्या राहिल्या.

“मी याची मेलेली बायको. मेलं ते इतकंच,” म्हणाल्या आणि पदर सारून सपाट पोलक्यावर हात ठेवला. “उद्या तुमच्या पोरीचं काई दुखलं, त तिलेही हा मारूनच टाकीन.”

त्या माउलीनं त्याच्या हातातली बशी काढून घेतली.

परतताना बाई इतक्या हसल्या, की कंडक्टर वळून पाहू लागला.

गावात छी-थू झाल्यावर नवरा नरमला. “चाल, मुंबईले जाऊ. सही करतो.”

“जाईन. पन सही माहा भाऊ करीन,” बाई म्हणाल्या आणि भावाकडे राहायला गेल्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचं ठरलं. त्याआधीच दुखणं हाडात उतरलं आणि डॉक्टरांनी मुंबईला नाही म्हटलं. शेवटच्या आठवड्यात बाईंनी माझा हात धरला. “एक कर. त्याले माह्या मयताले येऊ देऊ नोको.”

तो आलाच. झेंडूचा हार घेऊन, रडत. आत भावानं बुद्धवंदनेतलं त्रिशरण सुरू केलं होतं. मी दार अडवलं.

“तुमी नाई यायचं. बाई सांगून गेल्या.”

“अवो, मी नवरा हाय तिचा!”

“म्हनूनच,” मी म्हणाले.

वाईट वाटलं का, असं तुम्ही विचाराल. नाही वाटलं. आम्ही तिरडी त्याच्यासमोरून नेली. लोकांनी त्याला वाट सोडून मागे सरायला सांगितलं, आणि तो हार छातीशी धरून भिंतीला चिकटून उभा राहिला.