दाजी, भांग आणि वाळूतली अंडी

तारापूरच्या किनाऱ्यावर पक्षी बघायला कधी जाऊ, असं हल्ली मला कुणी ना कुणी विचारतं. मी तिकडं गेलो होतो साठच्या दशकात, अणुवीज प्रकल्पाचं बांधकाम जोरात चालू होतं तेव्हा, आणि पक्षी बघायला मुळीच नाही. मला आईनं पाठवलं होतं. माझी थोरली बहीण, अक्का, जवळच सालवडला होती, दाजी त्या बांधकामावर कामाला होते. तिला दिवस गेले होते आणि तिला बाळंतपणाला घरी आणायचं होतं. आमच्या माणदेशात लेक बाळंतपणाला माहेरीच येते. अक्कानं मात्र 'येणार नाही' असं कळवलं होतं. का, ते लिहिलं नव्हतं. आईनं लगेच माझी वळकटी बांधली. ती म्हणाली, "काय ते तुझ्या डोळ्यांनी बघ, आणि पौर्णिमेच्या आत तिला घेऊन ये."

मी नुकताच मॅट्रिक झालेलो, मुंबईपलीकडं काय असतं ते ठाऊक नाही. पुण्याहून मुंबई, तिथून गुजरातच्या बाजूची पॅसेंजर. उतरायचं होतं बोईसरला, उतरलो पालघरला. झोपेत कुणीतरी 'पालघर, पालघर' ओरडलं आणि मला वाटलं आलं. तुम्ही जाल तेव्हा असं करू नका, बोईसर पुढचं. पण पालघरला उतरलात तरी फार बिघडत नाही, एस.टी. मिळते. तेव्हा रस्ता असा होता की बेटेगाव येईपर्यंत माझी वळकटी सीटवरून तीनदा खाली आली.

शेजारी एक मासेवाल्या मावशी बसल्या होत्या. पालघरच्या बाजारात मासे विकून रिकामी पाटी घेऊन घरी, तारापूरच्या बाजूला निघालेल्या. कुठं जातोस, कुणाकडं जातोस, असं त्यांनी सगळं काढून घेतलं. दाजींचं नाव सांगितल्यावर त्या एकदम खुलल्या. जाड चष्म्याचा, सायकलवाला, तोच ना? म्हणाल्या, रोज कामावरून सुटला की आमच्या किनाऱ्यावर येतो, वाळूत बसून राहतो, घटकाभर हलत नाही, पाखरांशी बोलतो. मी म्हटलं, बरे आहेत ना?

"भांग हाय तवर खुशीत ऱ्हातो," मावशी म्हणाल्या. "भांग सरला का त्याचा जीव थाऱ्यावर नाय."

वाळूत बसून राहतात, पाखरांशी बोलतात, आणि भांग. आता लक्षात येतं, मावशी 'सरला' म्हणाल्या होत्या. आमच्याकडं भांग 'सरली' म्हणतात, 'सरला' नव्हे. पण हे लोक आमी, तुमी, हाय, नाय बोलतात, तसंच हेही असेल असं समजून मी मनातल्या मनात त्यांचं व्याकरण सुधारून घेतलं आणि सबंध वाट बसलो घाम पुसत.

सालवडला चाळवजा खोल्या होत्या. कामगार कुठून कुठून आलेले, अंगणात निम्मं हिंदी, निम्मं मराठी. अक्काची खोली कडेची. पोट चांगलं दिसत होतं. तिनं गरम भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं, पण माझं सगळं लक्ष दाराकडं. संध्याकाळी उशिरा दाजी आले. डोळे लालभडक. 'सिमेंटची धूळ,' असं अक्का म्हणाली, पण मी कसला विश्वास ठेवतोय. दाजी आधीपासूनच कमी बोलणारे, त्यात आज कुठंतरी हरवलेले. हात धुता धुता त्यांनी अक्काला विचारलं, पौर्णिमा कधी? अक्का म्हणाली, "भांग सरत आला आता." आणि दोघांनी एकमेकांकडं असं बघितलं की मला काही कळेना. म्हणजे हिला सगळं माहीत आहे, आणि ही शांतपणे स्वयंपाक करतेय?

सकाळी दाजी कामावर गेल्याबरोबर मी म्हटलं, "अक्का, सामान बांध. भांग पिणाऱ्या माणसाजवळ तुला ठेवून मी जाणार नाही."

अक्कानं आधी हातातलं भांडं खाली ठेवलं. मग हसायला लागली ती पोट धरून उंबऱ्यावरच बसली. मला वाटलं, हिलाही चढली की काय. शेवटी डोळे पुसत तिनं मला समुद्र समजावला. पाणी रोज सारखं चढत नाही. पौर्णिमा-अमावस्येला भरती मोठी, ते उधाण. अष्टमीच्या आसपास भरती लहान, पाणी वरपर्यंत येत नाही, त्याला इकडं भांग म्हणतात. दाजी भांगात खुशीत असतात, कारण तेव्हा पाणी अंड्यांपर्यंत जात नाही.

"कुणाच्या अंड्यांपर्यंत?" मी विचारलं. गोंधळ मिटायच्या ऐवजी वाढलाच होता.

रविवारी तिघं बैलगाडीनं किनाऱ्यावर गेलो. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला, तो ओहोटीचा. आमच्याकडं पाणी जागेवरून हललं तर आटलं म्हणायचं. इथं ते लांब जाऊन उभं होतं आणि मागं नुसता चकाकता चिखल. त्यावर पक्षीच पक्षी. एक लांब वाकड्या चोचीचा, चोच पार मुळापर्यंत चिखलात खुपसून किडे ओढत होता. काही बुटके, आखूड चोचीचे, तुरुतुरु पळायचे, थबकायचे, वरच्यावर टिपायचे. होड्या लागल्या तिथं पांढऱ्या कुरवांचा कालवा, फेकलेल्या माशांवर भांडणं. दाजी म्हणाले, थंडीत याच्या कितीतरी पट असतात, आता बरेचसे उत्तरेकडं गेले, तिकडं घरटी करतात. कुठं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, नावंही ठाऊक नव्हती. मला तर दोन सारखे दिसले की एक दुसऱ्याचं पिल्लू वाटायचं. ते आजही वाटतं, तेव्हा ओळख पटवायला मला फोटो पाठवू नका.

आम्ही वरच्या कोरड्या वाळूत आलो आणि एक लहानसा पक्षी, पाठ वाळूच्या रंगाची, पोट पांढरं, माझ्यासमोर धडपडून पडला. एक पंख लोळत होता. मी उचलायला धावलो. तो पंख ओढत पुढं, मी मागं. हाताशी यायचा, निसटायचा. बरंच लांब गेल्यावर साहेब खुशाल भुर्रकन उडाले. मी बावळटासारखा उभा.

मागं वळलो तर अक्का पदर तोंडाला लावून हसत होती. दाजी म्हणाले, "पाव्हणं, ती तुम्हाला फसवून लांब नेत होती. अंडी इथं आहेत, तुमच्या मघाच्या पावलाशेजारी."

घरटं म्हणून काही नव्हतंच. वाळूत बोटभर खळगा, शिंपल्यांचे तुकडे, आणि वाळूच्याच रंगाची, काळ्या रेघोट्यांची अंडी. दाजींनी बोट दाखवूनही मला ती दोनदा हरवली. चिखल्या हे त्या पक्ष्याचं नाव मला फार नंतर कळलं. दिवसा बहुतेक मादी बसते, रात्री नर. ऊन फार झालं की पाण्यात पोट भिजवून येतात आणि अंडी गार करतात. दाजींना वाटत होतं, उधाणाआधी अंडी उचलून वर ठेवावीत. एस.टी.तल्या त्या मावशींनीच त्यांना बजावलं होतं, हात लावू नको, मग ती बसायची नाय. तेव्हापासून हा माणूस रोज येऊन नुसता पाण्याची रेघ बघत होता. एका पाखराच्या अंड्यांसाठी एवढा जीव टाकणारा बाप्या मी कधी पाहिला नव्हता. भांग परवडली, असंही क्षणभर वाटलं.

दाजी पाण्याकडं गेले तेव्हा मी अक्काला पुन्हा छेडलं. आई काळजीत आहे, लोक काय म्हणतील, चल. ती वाळूकडं बघत म्हणाली, "मागच्या खेपेला मी माहेरीच होते ना रे."

मागच्या खेपेला बाळ राहिलं नव्हतं. मी तेव्हा शाळेत, मला कुणी धड सांगितलंही नव्हतं.

"यांना तार पोचून हे येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. यांनी बाळाचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. एक शब्द बोलले नाहीत कधी. आता काय व्हायचं ते यांच्या डोळ्यांसमोर होऊ दे."

आईचं बरोबर होतं आणि हिचंही. मी पौर्णिमेच्या आत परतायचा होतो, राहिलो. का राहिलो ते विचारलंत तर सांगता येणार नाही. अंडी होती म्हणून, असं आईला सांगायची सोय नव्हती.

उधाणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही गेलो. पाणी ओसरलं होतं, पण शेवाळाची, काटक्यांची रेघ पार वर, खळग्याच्याही पलीकडं होती. वाळू सपाट. खळगा नाही, अंडी नाहीत, कवच नाही. दाजी उकिडवे बसले आणि ओल्या वाळूवरून हात फिरवत राहिले. अक्कानं दोन्ही हातांनी पोट धरलं होतं. मला रडू येत होतं, आणि कशासाठी हेही समजत नव्हतं.

तेवढ्यात माझ्या पायांपुढं तो पक्षी धडपडून पडला. पंख ओढत, केविलवाणा, अगदी त्या दिवशीसारखा. मी एक पाऊल उचललं.

"थांबा," दाजी म्हणाले. "हलू नका कुणी. ती फसवतेय."

"मग?"

"लपवायला काही असल्याशिवाय कशाला फसवेल?"

कितीतरी वेळ आम्ही खांबासारखे उभे. मग वरच्या अंगाला, वाळूचाच एक कण सुटावा तसं काहीतरी पळालं. त्याच्यामागं आणखी एक. कापसाच्या बोंडाएवढी पिल्लं, आणि स्वतःच टिपत चाललेली. पाणी चढायच्या आधी फुटली होती की कशी, कुणाला ठाऊक. दाजींनी चष्मा काढला आणि आमच्याकडं पाठ केली. अक्का म्हणाली, आईला सांग, मी इथंच.

परतताना पालघरहून सातपाटीला वाकडी वाट केली. जमलं तर तुम्हीही करा. बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात, बायका भाव करण्यात कुणाला हार जात नाहीत. अक्कानं सांगितल्याप्रमाणे आईसाठी बोंबील घेतले. एस.टी.त माझ्याशेजारी कुणी बसेना.

आई फाट्यावर उभी होती. माझ्यामागून कुणी उतरतंय का बघत राहिली. मग म्हणाली, "तुला लेक आणायला पाठवलं होतं, बोंबील नव्हे."

मी सांगितलं. भांग, उधाण, पंख ओढणारं पाखरू, सगळं उलटसुलट. तिला त्यातलं किती समजलं कोण जाणे. मागच्या खेपेचं सांगितलं ते मात्र समजलं. ती उठली आणि फडताळातले डबे उघडून बघू लागली. दुसऱ्या दिवसापासून डिंकाचे लाडू वळायला घेतले आणि महिनाअखेरीस ट्रंक घेऊन स्वतःच निघाली. गाव बोलायचं ते बोललं. नातवंड झाल्याशिवाय लेकीच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, अशी आमच्याकडची रीत, आणि ही तिथं मुक्काम करणार. आईनं त्यावरही तोड काढली. सालवडला ती शेजारच्या खोलीतलं पाणी मागून प्यायची. दोन्ही खोल्यांची विहीर एकच होती.

पक्ष्यांची नावं माझी अजून चुकतात. त्या वाळूवर जाल तर चैत्र-वैशाखात पाय बघून टाका, एवढंच मी खात्रीनं सांगू शकतो. बाकी राहिलं ते आईनं परत आल्यावर सांगितलेलं. मुलगी झाली, रडली, आणि सुईणीनं बाहेर आणली ती थेट दाजींच्या हातात. ते तिच्या तोंडाकडं बघत बसले, कुणालाच देईनात. मग आई आत गेली, अक्काच्या माठातलं पाणी तांब्यानं घेतलं आणि घटाघटा प्याली.

"मचूळ होतं," आई म्हणाली. "पण मी आणखी एक तांब्या घेतला."