देवधरांपुढची परात

खालच्या मजल्यावरचे देवधर आमच्याकडे आले की सोफ्याच्या अगदी कडेला बसतात. हातांचं काय करावं ते त्यांना कळत नाही. कधी मनगटावरचं घड्याळ फिरवतात, कधी चष्मा पुसतात. मी आपला "बोला, काय विशेष?" म्हणतो आणि ते आणखीच आक्रसतात.

काल बायकोने त्यांच्यापुढे सरळ मटारच्या शेंगांची परात ठेवली. "भावजी, जरा हात लावता का?"

पहिल्या काही शेंगा गुपचूप सोलल्या गेल्या. मग दाण्यांबरोबर शब्दही सुटायला लागले. गावाकडचा पावटा निघाला, आईच्या हातची उसळ निघाली, आणि देवधर चक्क हसले. नजर कामात गुंतली की काहींची जीभ मोकळी होते. आपण मात्र पाहुणा म्हणून त्यांना रिकामं बसवतो आणि त्यालाच मान समजतो.

शेंगा संपल्या तसा त्यांचा हात पुन्हा घड्याळाकडे गेला.

"लसूणही राहिलाय हो," म्हणत बायको गड्डे घेऊन आली.

सकाळीच सोललेल्या लसणाची बरणी फ्रिजमध्ये भरलेली होती. मीही एक गड्डा उचलला आणि देवधरांच्या शेजारी जाऊन बसलो.